आजीच्या डब्यातली नाणी : भाचीला पत्र

बोनकोडे, कोपरखैरणे,
नवी मुंबई

प्रिय बाय,



परवा फोनवर तू पुण्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनाचं सांगितलंस. एका टेबलावर तू आजीच्या डब्यातली नाणी काढून दाखवलीस, आणि समोरच्या गृहस्थांनी ‘ही नुसती चिल्लर आहे, संग्रह असा नसतो’ म्हणून ती तुझ्या ओंजळीत परत ठेवली. तुझा आवाज पडला होता. मग तू मला विचारलंस, ‘मामा, संग्रह असतो तरी कसा?’ एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर उरकायचं नव्हतं, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाणी जमवायची एकच एक रीत नाही. कुणी वर्षं जुळवतो, कुणी एकाच नाण्याच्या मागे आयुष्य घालतो, कुणी गळ्यात घालतो. या सगळ्या रीती खऱ्या आहेत. मी अट एकच मानतो : नाणं कुठून आलं, कुणाच्या हातून आलं, हे लिहून ठेवलेलं असावं. ते लिहिलेलं नसेल तर लाखाचं नाणंसुद्धा निम्मं मुकं होतं. हे तुला नुसतं सांगून पटायचं नाही. म्हणून माझ्या ओळखीच्या काही माणसांच्या तऱ्हा सांगतो, आणि आपल्या मुलुखात घडलेल्या एकदोन गोष्टीही.

आपल्या गावठाणाच्या पलीकडे, सेक्टरात, एक काका राहतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात जन्म काढला, आता निवृत्त आहेत. त्यांची रीत वर्षवार. स्वतंत्र भारताचं प्रत्येक चालतं नाणं, प्रत्येक सालचं, प्रत्येक टांकसाळीचं. पुठ्ठ्याच्या खिडक्यांचे तक्ते आहेत, आणि जी खिडकी रिकामी तिच्याखाली पेन्सिलीने साल लिहिलेलं. दुकानदाराकडून, रिक्षावाल्याकडून दिवसभरात आलेले सुटे पैसे ते संध्याकाळी भिंगाखाली धरतात.

तुझ्या पाकिटातलं कुठलंही नाणं काढ आणि सालाच्या खाली बघ. बारीक हिरा दिसला तर ते मुंबईचं. फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर जी टांकसाळ आहे ना, 1824 ते 1829 या काळात बांधलेली, तिथलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, नुसता ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मध्ये काही वर्षं आपल्या टांकसाळींना मागणी पुरवता येईना, तेव्हा परदेशातूनही नाणी पाडून आणली. 1985 च्या काही रुपयांवर बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्याचं ‘एच’ आहे, 1988 च्या काही नाण्यांवर कॅनडाच्या टांकसाळीचं ‘सी’. काकांनी मला हे दाखवलं तेव्हापासून सुटे पैसे न बघता खिशात टाकणं मला जमत नाही. या छंदाला भांडवल लागत नाही, नजर लागते. रस्त्यावरच्या कुठल्याही पोराला तो आजच्या आज सुरू करता येईल.

काकांचा सगळ्यात लाडका तक्ता नव्या पैशाचा आहे. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. चवली, पावली, अधेली हे हिशेब लोकांच्या जिभेवर होते. एका रात्रीत रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे असा अडचणीचा हिशेब पदरात आला. गोंधळ होऊ नये म्हणून सरकारने नाण्यावरच समजावून लिहिलं : ‘रुपये का सौवाँ भाग’, आणि खाली ‘नया पैसा’. लोक रुळले तेव्हा, 1 जून 1964 पासून, ‘नया’ गेला आणि पैसा उरला. काका ही दोन्ही नाणी शेजारी ठेवतात. एक शब्द नाण्यावर आला, सात वर्षं राहिला आणि निघून गेला, हे त्या दोन खिडक्यांत नुसतं बघून कळतं.

वर्षवार रीतीचा एक सापळाही आहे, तो ठाऊक असू दे. नाण्यावरचं साल नेहमीच खरं नसतं. राणी व्हिक्टोरियाचा 1862 चा रुपया पुष्कळ घरांत सापडतो. पुष्कळ का, तर 1874 पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही 1862 हेच साल राहिलं. मागच्या बाजूच्या नक्षीत बारीक ठिपके आहेत, त्यांवरून तो खरा कुठल्या वर्षीचा हे संग्राहक लावतात. एकच साल आणि एकच राणी, पण ठिपके मोजत बसणाऱ्याला त्यात अख्खं दशक दिसतं. मला ही चिकाटी मनापासून आवडते.

दुसरे एक स्नेही वाशीला असतात. त्यांची तऱ्हा बरोबर उलटी. त्यांच्याकडे एकच नाणं आहे, आणि तेच पुन्हा पुन्हा आहे : शिवराई. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती टिंबांचं वर्तुळ. तो काळ आठव. आजूबाजूला बहुतेक नाण्यांवर फारसी अक्षरं, आणि इथे बाजारात भाजी घेणाऱ्या माणसाच्या हातात देवनागरीतलं राजाचं नाव. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. होन आज अगदी थोडे उरलेत. ते तुझ्या-माझ्या वाट्याला संग्रहालयाच्या काचेआडूनच यायचे. शिवराई मात्र रयतेची. ती मराठी राज्य संपल्यावरही कितीतरी वर्षं बाजारात चालली. पुढे चलनातून गेली तेव्हा तांब्याच्या भावाने वजनावर विकली गेली आणि ढिगांनी वितळली.

या स्नेह्यांकडची एक शिवराई मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. बोटाच्या पेरात मावणारा जाड, ओबडधोबड तुकडा, एक कड चपटी झालेली. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मिळतात. त्या नाण्यावर ‘राजा’ पुरता होता, ‘श्री’ची वेलांटी कापलेली, आणि ‘शिव’च्या जागी स्पष्ट ‘सिव’. कुणा कारागिराने स्वतःच्या उच्चाराप्रमाणे खोदलं असेल. दुसऱ्या नाण्यावर ‘सीव’. कुठे ‘छत्रपति’, कुठे ‘छत्रपती’. स्नेही ही अक्षरवळणं जुळवून गट लावतात, कारण एका ठशाची नाणी सहसा एका ठिकाणची आणि एका काळाची. एक गोष्ट त्यांनी मला बजावून सांगितली, ती तूही लक्षात ठेव : शिवराई म्हणजे महाराजांच्याच हयातीतली असं समजू नये. पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही याच नावाने ती पाडली गेली. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर बरीच उशिराची. विकणारा मात्र प्रत्येक तुकडा राज्याभिषेकाचा म्हणूनच विकतो. बनावट शिवराई नाण्यांचाही आज सुळसुळाट आहे. म्हणून स्नेह्यांच्या उशाशी के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठ्यांच्या टांकसाळींवरचं 1989 सालचं पुस्तक असतं, आणि ते उघडून बघितल्याशिवाय ते एक पैसाही सोडत नाहीत.

बाय, आता तुझ्या घरातली संग्राहक. तुझी पणजी. तिला हा शब्द कुणी लावला नसता, पण तिच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ तुला आठवते ना? आता ती ताईकडे, म्हणजे तुझ्या आईकडे आहे. आपल्या आगरी-कोळी बायकांच्या अंगावरचा हा दागिना मुळात परदेशी नाण्यांचा. व्हेनिसचे सोन्याचे डकॅट व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर उतरायचे. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या चौकटीत येशू. आपल्या लोकांनी त्या दोन आकृत्यांत आपले देव पाहिले, सोनं चोख म्हणून विश्वास ठेवला आणि नाणी गळ्यात ओवली. 1797 मध्ये व्हेनिसचं राज्य बुडालं, तरी आपल्या सोनारांनी त्याच घाटाच्या पुतळ्या घडवणं थांबवलं नाही.

नाण्यांचे जाणकार सांगतील की भोक पाडलेल्या, डाख देऊन कडी लावलेल्या नाण्याची किंमत उतरते. लिलावात ते खरं असेल. मी ते आपल्या घरात मानणार नाही. ती कडी म्हणजे त्या नाण्याचा पुढचा इतिहास आहे. खाडीकाठच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या बाईने बँक नसताना आपली पुंजी अशी सांभाळली, आणि अडल्या वेळी एखादी पुतळी मोडून घर सावरलं. त्या माळेत एका ठिकाणी दोन पुतळ्यांमधलं अंतर जास्त आहे. तिथली पुतळी कधी आणि कशासाठी मोडली, हे ताईला माहीत आहे. विचारून घे.

कोपरखैरण्यात एक शिक्षक आहेत, ते फक्त गोष्टी असलेली नाणी ठेवतात. साल, टांकसाळ, दुर्मीळपणा, कशाशीच त्यांना कर्तव्य नाही. वर्गात नाणं फिरवायचं आणि गोष्ट सांगायची. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया. राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक बारीक हत्ती कोरला होता. सोंड इतकी आखूड आणि पाय असे की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघांच्याही भावना दुखावल्या, ओरड झाली, सरकारने ती नाणी मागे घेतली आणि 1912 मध्ये हत्ती नीट सोंडेचा करून नवा ठसा काढला. मुलं भिंग घेऊन तो हत्ती शोधतात. याच शिक्षकांकडे 1990 चा डॉ. आंबेडकरांचा रुपया आहे, 1999 चा ज्ञानेश्वरांचा रुपया आणि शिवाजी महाराजांचे दोन रुपये, 2002 चे तुकारामांचे दोन रुपये, 2007 चे टिळकांचे पाच रुपये. यातलं काहीच महाग नाही. पण आपल्या मुलुखाची माणसं नाण्यावर कधी कधी आली, याची ती माळ लागते. तुझा स्वभाव या रीतीच्या जवळचा आहे असं मला वाटतं.

पाडताना सरकलेली, दोनदा ठसा पडलेली, कोरी राहिलेली अशी चुकीची नाणी जमवणारेही पुष्कळ आहेत. मला त्यात रस नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण त्याच वाटेवर सध्या एक फसवणूक उभी आहे, ती सांगायलाच हवी. ‘हे पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो मिळवा’ असले व्हिडिओ तुझ्याही मोबाइलवर येत असतील. आधी नोंदणीचे पैसे मागतात, मग कमिशनचे, मग कराचे, आणि शेवटी फोन बंद. रिझर्व्ह बँकेचं नावही सर्रास वापरतात. ऑगस्ट 2021 मध्ये बँकेने जाहीर खुलासा केला की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहाराशी आपला काहीही संबंध नाही आणि कुणालाही पैसे देऊ नयेत. तुझ्या मैत्रिणींनाही हे सांग.

आता मी ज्या रीतीपुढे हात जोडतो ती : नाणं जिथे सापडलं त्या जागेसकट वाचायची. आपल्यापासून फार लांब नाही, खाडीपलीकडे नालासोपारा. तिथला बुरूड राजाचा कोट नावाचा उंचवटा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणला. आत बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक करंडक, बुद्धमूर्ती, सोन्याची फुलं, आणि एक चांदीचं सातवाहन नाणं. बाजारात त्या नाण्याला एका नाण्याची किंमत आली असती. स्तूपाच्या पेटीत ते होतं म्हणून स्तूपाचा काळ लावायला त्याची मदत झाली. भगवानलाल स्वतः मोठे संग्राहक. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरचं त्यांचं काम 1888 मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं, आणि संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. संग्रह आपला असतो तो आपण समजून घेईपर्यंतच, पुढे तो अभ्यासणाऱ्यांचा, असं वागलेला हा माणूस.

दुसरी गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या जोगलथेंबीची. 1906 मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला, तेरा हजारांच्या वर. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, एका बाजूला राजाचं मुंडकं. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. राजाच्या गालावर, कपाळावर, नाकावर सातवाहनांची तीन कमानींची टेकडी. जिंकणाऱ्याने हरलेल्याचं नाणं वितळवलं नाही, त्याच्या तोंडावर आपली खूण उमटवून ते बाजारात परत सोडलं. पाद्री स्कॉट यांनी हा साठा तपासून लिहिलं आणि नहपान-गौतमीपुत्र यांचा झगडा लेण्यांतल्या शिलालेखांपलीकडे हातात धरता येईल असा पुरावा झाला. स्कॉटना त्यात आणखी एक गोष्ट दिसली : राजाचे चेहरे एकसारखे नाहीत. कुठे तरणा, कुठे म्हातारा, कुठे वेगळंच नाक. यावर पुढे अभ्यासकांनी बराच काथ्याकूट केला.

विचार कर, बाय. यातलं एकच नाणं तुझ्या हातात आलं असतं तर तुला एवढंच कळलं असतं की यावर दोन ठसे आहेत. किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती तशीच राहिली, हे सांगायला अख्खा साठा एकत्र राहावा लागतो. सापडलेला हंडा कामगारांनी वाटून घेतला, सोनाराने वितळवला, किंवा व्यापाऱ्याने सुटा सुटा विकला, तर त्या गावाचं तेवढं पान फाटलं. म्हणूनच 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आपल्या पट्ट्यात रोज कुठे ना कुठे पाया खणतात, जुनी घरं पाडून इमारती उठतात. म्हणून आपल्या घरात तरी हे सगळ्यांना ठाऊक असावं. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर न्यायलाही 1972 च्या कायद्याने बंदी आहे. तुझी मैत्रीण परदेशी शिकायला निघालीय, तिला भेट म्हणून चांदीचा जुना रुपया देण्याचा विचार बोलून दाखवला होतास. तो सोडून दे.

या अभ्यासाची शाळा आपल्याकडेच आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये काम केलेले डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि वर ज्यांचं नाव आलं ते के. के. माहेश्वरी यांनी 1980 मध्ये नाशिकला नाणकशास्त्राची संशोधन संस्था काढली. नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी ती आहे. एक अभ्यासक आणि एक संग्राहक असे दोघे एकत्र आले की काय उभं राहतं, ते तिथे बघायला मिळतं. पावसाळा संपला की आपण जाऊ. तोवर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय बघून घे, फिरोजशहा मेहता रस्त्यावर. 2004 मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. कोपरखैरण्याहून लोकलने सकाळी निघालीस तर जेवायला घरी येशील.

आता आजीचा डबा. त्या गृहस्थांनी ज्याला चिल्लर म्हटलं, त्यात काय आहे ते मी तुला सांगतो. कंगोऱ्यांचा एक आणा, चौकोनी दोन आणे, युद्धाच्या दिवसांत धातू वाचवायला 1943 पासून पाडलेला भोकाचा पैसा, अ‍ॅल्युमिनियमचे एक, दोन आणि तीन पैसे, पंचम जॉर्जचा एक चांदीचा रुपया. 1973 मध्ये वाशीचा पूल झाला. त्याआधी आपल्या पट्ट्याचा बाजार म्हणजे ठाणं. आजी निवट्या आणि कोलंबी घेऊन जायची, आणि पदराच्या गाठीत हे घेऊन यायची. भोकाच्या पैशाच्या आतल्या कडेला बोट फिरव, एका बाजूने ती झिजून गुळगुळीत झालीय. तो पैसा तुझ्या मोठ्या मामाच्या करदोट्यात ओवलेला होता. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, भातशेती गेली, मिठागरं गेली, आणि गाव शहराच्या मधोमध आलं. त्याआधीचं बोनकोडे दाखवायला आपल्याकडे फोटो जवळजवळ नाहीत. हा डबा आहे.

त्याच डब्यात गोव्याचं एक पोर्तुगीज नाणं आहे, 1959 चं, तांबूस रंगाचं, तीस सेंताव्हुशचं. गोव्यात एस्कुदोचं हे चलन 1958 मध्ये आलं आणि 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, म्हणजे हे नाणं चाललं जेमतेम तीन वर्षं. ते बोनकोड्याला कसं आलं? कुणी गलबतावर होतं का? ठाण्याच्या बाजारात कुणी चुकून दिलं? एखादा गोवेकर पाहुणा? आजी गेली आणि उत्तर तिच्याबरोबर गेलं. पुस्तकात त्या नाण्याची सगळी माहिती मिळेल. आपल्या घराशी असलेला त्याचा धागा कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. वही ठेव असं मी तुला इतक्या वेळा का सांगतोय, ते या एका नाण्यात आलं.

तेव्हा ही कामं कर. नाणी धुऊ नकोस. चिंच, मीठ, लिंबू, राख, दंतमंजन, काही म्हणजे काही लावू नकोस. तांब्यावरचा काळपट थर हेच त्याचं संरक्षण असतं, घासून चकचकीत केलेलं नाणं कायमचं बिघडतं. धरायचं ते कडेने. बाजारात मिळणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नकोस, त्यातून चिकट हिरवट द्रव सुटतो. पुठ्ठ्याच्या चौकटी घे. आपली हवा खाडीची, खारी आणि दमट. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि पावसाळ्यानंतर बदल. एक छोटा वजनकाटा घे. चांदीचा जुना रुपया एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, थोडी झीज चालते, फार कमी-जास्त भरला तर शंका घे. लोहचुंबकही जवळ असू दे. पुलाखाली दोरीला चुंबक बांधून पाण्यात टाकलेली नाणी वेचणारी पोरं तू पाहिली असशील. त्यांना स्टीलचीच नाणी मिळतात, तांबं-निकेलची चिकटत नाहीत. रुपया 1992 पासून स्टीलचा झाला, हे त्या पोरांना कुणी न शिकवता कळतं.

आणि वही. प्रत्येक नाण्याला एक आकडा दे, आणि त्यापुढे लिही : काय आहे, साल, खूण, वजन, कुठून आलं, कुणी दिलं, कधी, त्यांनी काय सांगितलं. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असं लिही. माहीत नसेल तर जागा कोरी सोड, मनाने भरू नकोस. बाजारातून विकत घेतलंस तर विकणाऱ्याने सांगितलेलं गाव लिही, आणि त्याने सांगितलं असंही लिही.

पुढे तू काय जमवायचंस हे मी ठरवणार नाही. काकांसारखी सालं जुळव, स्नेह्यांसारखी एका शिवराईच्या मागे लाग, नाहीतर शिक्षकांसारखी गोष्टी गोळा कर. दोनचार वर्षांनी रीत बदललीस तरी चालेल. पण ज्यांनी तुझी नाणी परत केली त्यांच्या मापाने आपला डबा मोजू नकोस. त्यांनी नाण्यांची किंमत सांगितली, आणि ती बहुधा बरोबरही असेल. नाणी कुणाची आहेत, हे मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि माझ्या मते जाणत्या संग्राहकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

ताईची स्मरणशक्ती अजून पक्की आहे. ठाण्याच्या बाजारात आजीबरोबर ती जायची, तिला माणसांची नावं आठवतात, कुणाकडून काय घ्यायचो तेही आठवतं. येत्या रविवारी वही घेऊन तिच्यापाशी बस आणि एकेक नाणं तिच्या हातात दे. गोव्याचं नाणं सगळ्यात आधी दे.

तुझा,
मामा